बंद पडलेली जुनी गाडी दुसऱ्या राज्यात कमी खर्चात कशी न्यायची? (पुणे ते बेंगळुरूचा अनुभव)

नोकरीमुळे मला चिंचवडहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवावं लागलं. फ्रीज, कपाटं, भांडी याचं टेन्शन नव्हतं, ते कुणीही पॅकर्सवाला नेतो. टेन्शन होतं खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बाबांच्या प्रीमियर पद्मिनी कारचं. १९८७ ची, सहा वर्षं बंद, चारही टायर बसलेले, आणि तिच्या शेजारी अर्धी उघडून ठेवलेली येझदी मोटरसायकल. नातेवाईक, सोसायटीवाले, ऑफिसमधले, सगळ्यांनी एकच सांगितलं, भंगारात देऊन टाक. मला द्यायची नव्हती. बाबांनी ती घेतली तेव्हा मी जेमतेम चालायला लागलो होतो आणि ती परत रस्त्यावर आणायचीच आहे.

मग दोन महिने चौकशी केली, चुका केल्या, थोडे पैसेही वाया गेले, आणि शेवटी दोन्ही गाड्या सुखरूप पोचल्या. तुमच्याकडेही अशी एखादी पद्मिनी, मारुती ८००, जीप, चेतक, राजदूत काही असेल आणि गाव सोडायची वेळ आली असेल तर हे पूर्ण वाचा, घाईघाईत पहिल्या कोटेशनला हो म्हणू नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. बंद गाडीचं भाडं अंतरामुळे वाढत नाही, ती ट्रकमध्ये चढवायची आणि उतरवायची कटकट असते म्हणून वाढतं. पुणे-बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर, त्या रस्त्यावर रोज शेकडो ट्रक धावतात, जागा स्वस्तात मिळते. महाग असते ती "बंद आहे, मग चढवणार कशी" या प्रश्नाची भीती. ती भीती तुम्ही आधीच काढून टाकलीत की भाडं आपोआप खाली येतं. पुढचे सगळे मुद्दे त्यासाठीच आहेत.

१. आधी ठरवा, न्यायची का आणि ठेवणार कुठे

गाडी जॅकवर घेऊन खालून नीट बघा. पत्रा गंजलाय हे चालतं, पण चेसिसचे मेंबर, जॅक लावायच्या जागा, स्प्रिंगचे पाटे जिथे बसतात ते ब्रॅकेट, इथे स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत जात असेल तर प्रवासात बेल्ट बांधायला मजबूत जागाच उरत नाही. अशी गाडी आधी इथेच वेल्डिंग करून घ्या.

दुसरं म्हणजे तिकडची जागा. भाड्याच्या घरात बंद गाडी वर्षभर उभी राहणार आहे हे घरमालकाला आधी सांगा आणि ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. मी तोंडी बोललो होतो, नंतर सोसायटीच्या कमिटीसमोर बरंच समजावावं लागलं.

येझदीबद्दल मात्र मी एका मिनिटात ठरवलं. येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा कारखाना म्हैसूरलाच होता, १९९६ मध्ये बंद झाला, पण तिकडे अजून या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक आणि पार्ट मिळतात. म्हणजे ती एका अर्थी माहेरीच चालली होती.

२. कागदपत्रं, निघायच्या दीड-दोन महिने आधी

हे काम लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. मूळ आरटीओची कामं मूळ शहरात असतानाच करा, नंतर प्रत्येक सहीसाठी ८४० किलोमीटर यायला लागतं.

आधी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. १९८९ च्या आधीचा जुन्या सिरीजचा नंबर असेल आणि आरसी पुस्तक हाताने लिहिलेलं असेल तर बऱ्याचदा रेकॉर्डच दिसत नाही. मग आरटीओत "बॅकलॉग एंट्री" करून घ्यावी लागते, मूळ पुस्तक घेऊन जावं लागतं. गाडी अजून वडिलांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असेल, बँकेचा बोजा कागदावर तसाच असेल, तर तेही आत्ताच मिटवा. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. पर्यावरण कर थकला असेल, जुनं चलन असेल, ते भरल्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

कायद्यात काय आहे ते समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो. शब्द "ठेवली" असा आहे, "चालवली" असा नाही, त्यामुळे बंद आहे म्हणून सूट आहे असं धरून चालू नका. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८, आणि त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. हा ठसा गाडी ट्रकमध्ये जायच्या आधी घ्या आणि चार-पाच जास्तीचे घेऊन ठेवा, तिकडे फॉर्म २७ भरताना पण लागतात. आणि चेसिस प्लेटवरचा गंज साफ करताना सँडपेपर घासत बसू नका, नंबर पुसट झाला तर फार मोठी डोकेदुखी होते, रॉकेल लावून मऊ कापडाने पुसा.

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, नंतर दर ५ वर्षांनी रिन्यूअल. रिन्यूअलला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते त्यामुळे बंद गाडीचं ते आत्ता होणार नाही, पण तुमची मुदत संपलेली असेल तर एनओसी अर्जाआधी आरटीओत समक्ष जाऊन तुमच्या केसमध्ये काय क्रम लागेल ते विचारा, एजंटच्या भरवशावर राहू नका. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम वेगळे आहेत, त्यात "व्हीए" सिरीजचा नंबर मिळतो. आणि बेंगळुरूऐवजी दिल्लीकडे जाणार असाल तर १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबत तिकडे २०१५ पासून वेगळेच आदेश आणि कोर्टबाजी चालू आहे, ते वाचल्याशिवाय गाडी हलवू नका.

सोबत ठेवायची फाइल: मूळ आरसी, तिच्या चार झेरॉक्स, आधार, नवीन पत्त्याचं भाडेकरार, कंपनीचं बदलीचं किंवा जॉइनिंगचं पत्र, इन्शुरन्सचा शेवटचा कागद, एनओसीची पावती, आणि साध्या कागदावर सही केलेलं एक पत्र की ही माझी स्वतःची वापरलेली जुनी गाडी आहे, बंद आहे, विक्रीसाठी नाही, बिऱ्हाडासोबत नेतोय. वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला ई-वे बिलातून (माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद) सूट आहे, पण रस्त्यात तपासणी झाली तर ड्रायव्हरला दाखवायला हे पत्र फार कामाला येतं. मूळ आरसी ड्रायव्हरकडे देऊ नका, झेरॉक्स द्या.

३. "बंद" गाडी "ढकलती" करा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर "गाडी बंद आहे" एवढंच सांगितलं तर तो डोळ्यासमोर जाम झालेली चाकं आणि दहा हमाल आणतो. "इंजिन चालू नाही, पण चारही चाकं फिरतात, स्टेअरिंग वळतं, दोन माणसं ढकलतात" असं सांगितलं की बोलणंच बदलतं. मला तर याच दोन वाक्यांमुळे एकाच माणसाकडून दोन वेगळे रेट मिळालेत. पण खोटं बोलू नका, खरोखर ढकलती करा.

टायर: जुन्या टायरला भेगा असतील तरी नवीन घ्यायची गरज नाही, जुन्या बाजारातून हवा धरणारे चार टायर-ट्यूब घ्या. पद्मिनीचं चाक १४ इंची आहे, मला दोन टायर नाना पेठेत मिळाले आणि दोन एका गॅरेजवाल्याने उसने दिले.

ब्रेक: वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेक शू ड्रमला चिकटतात. एकेक चाक जॅकवर घ्या, ॲडजस्टर ढिला करा, लाकडी हातोड्याने ड्रमवर गोल फिरत हलके ठोके द्या. तरी नाही सुटलं तर ब्लीडर निपल उघडून ऑइलचं प्रेशर सोडा. शेवटचा उपाय म्हणजे ड्रम काढून शू बाहेर. पण लक्षात ठेवा, मग फूटब्रेक राहत नाही, म्हणून मागच्या चाकांचे शू शक्यतो ठेवून हँडब्रेक तरी काम करेल असं बघा. मी पहिल्या दिवशी चारही ड्रम मोकळे केले आणि गाडी पार्किंगच्या उतारावर सरकायला लागली, शेजारच्या दादांनी पटकन वीट टाकली म्हणून भिंत वाचली.

गिअर: न्यूट्रलला येत नसेल तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सोपा उपाय आहे, डिफरन्शियलजवळचे चार बोल्ट खोलून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) उतरवा. खोलायच्या आधी दोन्ही फ्लँजवर पंचने खूण करा म्हणजे परत त्याच जागी बसेल. मारुती ८०० सारख्या गाडीत हा उपाय नाही, तिथे पुढच्या चाकांखाली चाकं लावलेली छोटी ट्रॉली लागते.

स्टेअरिंग लॉकची किल्ली हरवली असेल तर किल्लीवाल्याला आधीच बोलवा, लोडिंगच्या दिवशी नाही. पेट्रोल पूर्ण काढा, बॅटरी काढा.

४. सुटे पार्ट

अर्धी उघडलेली गाडी असेल तर पार्ट हरवणं हे अपघातापेक्षा जास्त होतं. नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने "डावा पुढचा फेंडर, ५ बोल्ट" असं लिहून. वायर कापायच्या आधी दोन्ही टोकांना सारखाच नंबर लिहिलेली टेप. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, लाइट, क्रोमच्या पट्ट्या, मोनो (गाडीवरची नावाची अक्षरं) हे सगळं कपड्यात गुंडाळून स्वतःसोबत नेलं मी. इंजिन बाहेर काढलेलं असेल तर ऑइल काढा, कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं कापड कोंबून बंद करा आणि इंजिन जुन्या टायरवर बसवून टायरलाच बांधा, पेटीपेक्षा हे स्वस्त आणि जास्त पक्कं. गाडीच्या केबिनमध्ये लोखंडी सामान सुटं टाकू नका. गाद्या-उशा भरा हव्या तर.

५. वाहन कोणतं निवडायचं

फ्लॅटबेड रिकव्हरी व्हॅन: सगळ्यात सोपं, स्वतःची विंच (गाडी ओढून घ्यायचं यंत्र) असते, पण येतानाचं रिकामं भाडंही तुमच्याच माथी. मला फक्त कारचे ४६ हजार सांगितले होते. शहरातल्या शहरात मात्र हीच वापरा.

कार कॅरियर: चाकणहून दक्षिणेला नव्या गाड्या घेऊन जाणारे लांब ट्रेलर तुम्ही बघितले असतील. त्यात जागा मिळते, पण त्यांना गाडी स्वतः चालत वर यायला हवी असते, बंद म्हटलं की बहुतेक जण नाही म्हणतात. एकाने मला फोनवर हो म्हणून ॲडव्हान्स घेतला आणि गाडी बघायला आल्यावर जास्तीचे १२ हजार मागितले, ॲडव्हान्स सोडून द्यावा लागला. म्हणून बंद गाडीचा व्हिडिओ पाठवून व्हॉट्सॲपवर "बंद गाडी, एवढ्यात नेणार" असं लेखी आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

ट्रकचा रिटर्न लोड: मी हेच केलं. तिकडून माल घेऊन आलेला ट्रक परत जाताना रिकामा जाण्यापेक्षा कमी भाड्यात माल घेतो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये सकाळी जाऊन बसलो, तीन एजंटांशी बोललो, कर्नाटक पासिंगचा १९ फुटी ट्रक मिळाला. पद्मिनी साधारण १३ फूट लांब, म्हणजे ६ फूट जागा उरते, त्यात घरचं सामान बसलं. पॅकर्सचे वेगळे ३२ हजार वाचले. ट्रकभाडं २९ हजार, दोन्हीकडचं चढवणं-उतरवणं धरून साडेसहा हजार. हे आकडे माझ्या वेळचे आहेत, तुमच्या दिवशी डिझेल आणि सीझनप्रमाणे बदलतील, दिवाळीच्या आधी तर जाऊच नका.

कोकण-गोव्याकडे जाणाऱ्यांसाठी, कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा खाजगी कारसाठी रो-रो (रेल्वेच्या वॅगनवर गाडी चढवून न्यायची सेवा) सुरू केली होती. छान कल्पना आहे पण तिथे गाडी चालवत वॅगनवर चढवायची असते, त्यामुळे आपल्या कामाची नाही.

६. चढवणं

ट्रकचा हौदा जमिनीपासून साडेतीन-चार फूट उंच असतो. लोक दोन लोखंडी चॅनल टेकवतात आणि ढकलायला लागतात. हिशोब बघा, १२ फुटी रॅम्प आणि साडेतीन फूट उंची असेल तर ९०० किलोची गाडी वर ढकलायला २६० किलोच्या आसपास जोर लागतो, आणि तो सतत, मध्ये दम घ्यायला थांबलात तर सगळं वजन खाली उभ्या माणसांवर. म्हणून रॅम्प वापरायचाच असेल तर हौद्यात पुढे चेन पुली बांधून ओढा, आणि गाडीच्या मागे, उताराच्या रेषेत, कुणीही उभं राहू देऊ नका. दोन बाजूंनी दोन माणसं लाकडी ठोकळे घेऊन, प्रत्येक फुटाला चाकामागे ठोकळा.

त्यापेक्षा सोपा आणि जवळजवळ फुकट उपाय म्हणजे धक्का. गोडाऊनला माल चढवायला जो सिमेंटचा ओटा असतो तो. गाडी ओट्यावर न्यायला मागून उतार असेल असं गोडाऊन शोधा. मला भोसरीत ओळखीतून मिळालं, रविवारी सुट्टी होती, मालकांनी परवानगी दिली. ट्रक मागे घेऊन ओट्याला टेकवला, मधल्या फटीवर जाड पत्र्याच्या दोन प्लेट टाकल्या, आणि चार जणांनी गाडी सरळ आत ढकलली. दहा मिनिटं. यात दोन गोष्टी सांभाळा. गाडीची पुढची चाकं आत गेली की ट्रकचे पाटे दबतात आणि हौदा काही इंच खाली जातो, म्हणून प्लेट लांब घ्या, नाहीतर सटकते. आणि ट्रकच्या चाकांनाही ठोकळे लावा, ढकलताना ट्रक पुढे सरकून फट वाढू शकते.

क्रेन, हायड्रा किंवा जेसीबीने उचलायचा सल्ला कुणीतरी देईलच. पोटाखालून पट्टे घालून उचललं की पट्टे वर जाताना आत ओढले जातात आणि दरवाजे, छताच्या कडा चेपतात. दोन्ही बाजूचे पट्टे फाकवून धरणारा लोखंडी बार नसेल तर उचलू देऊ नका.

अजून एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करून ठेवा! गाडी हौद्यात गेली की दोन्ही बाजूला फूटभरच जागा राहते, दरवाजा उघडत नाही. स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला खिडकीतून बाहेर यायला लागतं, म्हणून तिथे बारीक अंगाचा माणूस बसवा.

बांधायला चार रॅचेट बेल्ट, दोन इंची. मागे ॲक्सलच्या नळीला आणि पुढे क्रॉस मेंबरला, कात्रीसारखे उलटसुलट. बंपरला किंवा स्टेअरिंगच्या रॉडला कधीच नाही. प्रत्येक चाकाला पुढे-मागे ठोकळे आणि ते हौद्याच्या फळीला खिळ्याने ठोकलेले. नायलॉनची दोरी ताणते, तिच्यावर विसंबू नका. घरचं सामान मागे, मधे प्लायवूड उभं. वरून ताडपत्री, पण गाडीच्या रंगावर आधी जुनी चादर, कारण ताडपत्री वाऱ्याने फडफडून रंग घासते. ड्रायव्हर मामांना चहा पाजून एकच विनंती केली, खंबाटकी घाटाच्या आधी एकदा आणि कोल्हापूरला एकदा बेल्ट बघा. त्यांनी बघितले आणि फोटो पण पाठवले, एक बेल्ट खरंच ढिला झाला होता.

हे सामान जमवा: जॅक, घोडे (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चेन पुली, चार बेल्ट, आठ-दहा लाकडी ठोकळे, दोन जाड प्लेट, पहार, हवेचा पंप, टॉर्च, हातमोजे.

७. बाईक किंवा स्कूटर असेल तर रेल्वे

रेल्वेला बाईक चालू आहे की बंद याच्याशी काही घेणं नसतं, कारण टाकी सगळ्यांचीच रिकामी करावी लागते. फक्त चाकं फिरायला हवीत. मग ट्रकवाल्याला जास्त पैसे कशाला द्यायचे. पुण्याच्या पार्सल ऑफिसमध्ये आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन जा, आरसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र. स्टेशनबाहेरच गोणपाट आणि गवत बांधून पॅकिंग करणारे असतात, पण आरसे, इंडिकेटर, हेडलाइटची काच स्वतः घरी काढून ठेवा. टाकीत थेंबभर पेट्रोल राहिलं तरी परत पाठवतात, वासावरून ओळखतात, म्हणून आदल्या दिवशी काढून टाकीचं झाकण रात्रभर उघडं ठेवा. अर्थात घराबाहेर.

पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय तिकडे गाडी मिळत नाही. गाडी पोचल्यावर वेळेत नेली नाही तर दंड तासांवर चढतो, म्हणून तिकडे आपलं माणूस असेल तेव्हाच बुक करा. माझी येझदी चौथ्या दिवशी पोचली, पॅकिंग-हमालीसकट साडेतीन हजाराच्या आत.

८. बिल्टी आणि इन्शुरन्स

बिल्टीशिवाय (ट्रान्सपोर्टवाल्याने माल घेतल्याची पावती) ट्रक हलू देऊ नका. त्यावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, "बंद स्थितीत", सोबतच्या नगांची संख्या आणि गाडीची किंमत लिहून घ्या. किंमत लिहिणं का महत्त्वाचं, तर २००७ चा रस्ता मालवाहतुकीचा कायदा आणि त्याखालचे नियम असे आहेत की किंमत जाहीर करून जास्तीचा रिस्क रेट (जोखमीचं जादा भाडं) भरला नसेल तर नुकसानभरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. भाडंच जर थोडं दाखवलं असेल तर गणित तुम्हीच करा. दावा करायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ट्रान्झिट इन्शुरन्स मिळत असेल तर घ्या, मात्र बंद गाडीला चालतो का हे पॉलिसीत वाचा. चढवण्याआधी चारही बाजूंचे, छताचे, खालचे, आतले फोटो आणि एक सलग व्हिडिओ.

९. उतरवणं

तिकडचा धक्का निघायच्या आधी ठरवलेला हवा. मोठ्या ट्रकना दिवसा शहरात बंदी असते, त्यामुळे ट्रक पहाटे घराजवळ आला, सामान उतरलं, मग बेंगळुरूतल्या पीन्या (Peenya) औद्योगिक वसाहतीतल्या एका धक्क्यावर पद्मिनी बाहेर काढली आणि तिथून लोकल फ्लॅटबेडने घरी आणली. गाडी मागे-मागे बाहेर येते, म्हणून खिडकीतून आत शिरणारा माणूस इथेही लागतो, ठोकळ्याचे खिळे काढायला पहार पण. हमालांची घाई असते, सही मागतात, पण गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारल्याशिवाय सही करू नका आणि काही चेपलं असेल तर पावतीवरच लिहा, "सामान मिळाले, डावा मागचा फेंडर चेपलेला" असं.

ती बिल्टी फेकू नका. १२ महिन्यांची मुदत गाडी कर्नाटकात आल्यापासून मोजली जाते आणि बंद गाडी कधी आली याचा पुरावा म्हणून टोलची पावतीही तुमच्याकडे नसते, कारण ती ट्रकच्या नावावर असते. बिल्टीवरची तारीख हाच तुमचा पुरावा, तिची कलर झेरॉक्स काढून आरसीच्या फाइलला लावून ठेवा.